बेटाच्या मधोमध राहतेस, मग सुरुवात काठापासून कशाला?

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची. नवऱ्याला अ‍ॅथलोनमधल्या एका औषध कंपनीत नोकरी मिळाली आणि उन्हाळा संपता संपता आम्ही आयर्लंडला आलो. लेक ज्युनिअर इन्फंट्समध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, जाते. आल्यापासून डब्लिन पाहून झालं, तिथून टूरच्या बसनं क्लिफ्स ऑफ मोहेरही केलं. फोटो भरपूर आले, पण देश काही कळला नाही. शाळेच्या फाटकाशी बाकीच्या आया मॅच, काउंटी, कुणाचं तरी फ्युनरल असं काहीबाही बोलत असतात आणि मी नुसती हसते. पुढच्या महिन्यात बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवेची टूर बुक करायच्या विचारात आहोत. आणखी काय काय बघावं याची क्रमवार यादी द्याल का? सासूबाई दर फोनला विचारतात, 'आयर्लंड म्हणजे इंग्लंडच ना?' त्यांना काय सांगू? डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाल्याच्या बातम्या वाचल्या, त्याची भीतीही मनात आहेच. आणि एक गोष्ट खटकत राहिली आहे. दोन आठवड्यांपूर्वी शेजारणीचे वडील गेले. बोलावणं नव्हतं म्हणून आम्ही गेलो नाही. आता ती दिसली की मी नजर चुकवते. धाकटी बहीण समजून उत्तर द्या.
सांगलीकर, अ‍ॅथलोन

उत्तर

प्रिय सांगलीकर,

आधी ते बेलफास्टचं बुकिंग थांबव, बाकी सगळं नंतर. जायंट्स कॉजवे अँट्रिम काउंटीत येतो, अँट्रिम उत्तर आयर्लंडमध्ये आणि उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये. तुझं आयआरपी कार्ड, म्हणजे आयर्लंडमध्ये राहायचा परवाना, तिथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर तिकडे जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. गंमत अशी, की सीमेवर अडवायला कुणी नसतं. फाटक नाही, चौकी नाही. रस्त्याच्या पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले आणि दुकानात युरोऐवजी पाउंड मागितले की समजायचं, हद्द ओलांडली. म्हणून पुष्कळ जण 'कोण बघतंय' म्हणत जाऊन येतात आणि ऑफिसात छातीठोकपणे सांगतातही. पण बसमध्ये आणि रेल्वेत अधूनमधून तपासणी होते. सापडलात, तर ते प्रकरण पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात उत्तर मागतं. टूरवाला तिकिटाचे पैसे घेईल, व्हिसा तुझा तूच बघायचा. तेव्हा आधी व्हिजिटर व्हिसा काढा, मग ऐटीत जा. युरोपचंही तसंच: आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे पॅरिसला जायलाही तुम्हाला व्हिसा लागतोच.

कॉजवे कुठे पळून जात नाही. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तडकला आणि त्याचे हे चाळीसेक हजार खांब झाले, बहुतेक षटकोनी. आपल्या अंधेरीतली गिल्बर्ट हिल याच जातीची, काळ्या बसाल्टच्या उभ्या खांबांची, आणि वयानं थोडी थोरलीच. ती किती मुंबईकरांनी जवळ जाऊन पाहिली आहे ते विचारू नये.

आता यादीचं. यादी मी देणार नाही. तुम्ही काय केलंत बघ. अ‍ॅथलोनहून पूर्वेला डब्लिनला गेलात, तिथे टूरच्या बसमध्ये बसलात आणि अख्खं बेट आडवं कापून पुन्हा पश्चिमेला मोहेरला आलात. 214 मीटरचे कडे दीड-दोन तास पाहिले, येताना तेवढाच प्रवास. त्यात देश कसा कळणार? अशा टूरमध्ये खिडकीची काच तेवढी बघून होते. तुम्ही नशिबानं बेटाच्या मधोमध राहायला आला आहात. सुरुवात तिथूनच करायची, आणि काउंटीपासून करायची.

काउंटी हा इथला जिल्हा, असं कागदावर म्हणता येतं. पण आपल्याकडे नवा माणूस भेटला की दुसऱ्या वाक्याला 'मूळ गाव कोणतं?' येतं ना, ते इथे काउंटीवर येतं. बेटावर 32 काउंट्या: 26 प्रजासत्ताकात, 6 उत्तर आयर्लंडमध्ये. त्यांचे चार जुने प्रांत: लेन्स्टर, मन्स्टर, कनॉट, अल्स्टर. अल्स्टरच्या नऊ काउंट्यांपैकी डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन या तीन इकडे राहिल्या. त्यामुळे 'अल्स्टर म्हणजे उत्तर आयर्लंड' असं कुणी म्हणालं की डोनेगलवाला लगेच दुरुस्त करतो. बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, हे डोनेगलमध्ये आहे. म्हणजे ज्याला लोक बोलताना 'साउथ' म्हणतात, ते 'नॉर्थ'च्याही उत्तरेला पोचलेलं आहे. हे एकदा नकाशा उघडून लेकीला दाखव.

आणि तुझं अ‍ॅथलोन तर हद्दीवरच आहे. गाव शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर. पूर्वेचा काठ पहिल्यापासून वेस्टमीथ काउंटीत. पश्चिमेचा पूर्वी रॉसकॉमनमध्ये होता, तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेस्टमीथला जोडला. तिथून आणखी थोडं पश्चिमेला मंक्सलंड लागतं, तुम्ही बहुधा तिकडे खरेदीला जात असाल, ते अजून रॉसकॉमनमध्ये आहे. दहाएक वर्षांपूर्वी तेही वेस्टमीथला जोडायचा प्रस्ताव आला. रॉसकॉमनकरांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि हद्द होती तिथेच राहिली. महसुलाचा मुद्दा होताच. पण महसुलासाठी म्हातारी माणसं सभेला येत नाहीत. आपली नातवंडं उद्या वेस्टमीथच्या मरून जर्सीत खेळणार, ही कल्पनाच लोकांना सोसवत नव्हती. रॉसकॉमनचा रंग पिवळा-निळा. शाळेच्या फाटकाशी ज्या आया बोलतात, त्यातल्या निम्म्या एका बाजूच्या आणि निम्म्या दुसऱ्या बाजूच्या असणार. त्यांची थट्टामस्करी तुला कळत नाही याचं कारण हे आहे. तुझ्या इंग्रजीत काही खोट नाही.

तेव्हा पहिलं काम: कुणाशीही बोलताना 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असं विचार. 'अ‍ॅथलोनची' एवढ्यावर उत्तर थांबत नाही. आई मेयोची, वडील लाँगफर्डचे, नवरा मात्र कॉर्कचा, काय करणार, असं सगळं बाहेर येतं. तुझ्यासारख्या सांगलीच्या बाईला, जिला मिरजेचा माणूस सांगलीचा म्हटला तर चालत नाही हे माहीत आहे, हा खेळ शिकवायला नको.

दुसरं काम: मॅच बघायला जा. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमला नंतर, आधी गावातल्या क्लबची. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, सगळे नुसतं 'जीएए' म्हणतात, ही संस्था 1884 साली टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिचे दोन मोठे खेळ. हर्लिंग म्हणजे अ‍ॅश लाकडाची चपटी काठी आणि टणक चेंडू. चेंडू खांद्याच्या उंचीवरून असा सुटतो की पहिल्या पाच मिनिटांत तो कुठे गेला हेच आपल्याला दिसत नाही. गोलपोस्टच्या आडव्या दांडीखालून मारला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक. स्कोअर 1-14 असा लिहिला तर एक गोल आणि चौदा पॉइंट, एकूण 17. फुटबॉलमध्ये 2025 पासून लांबून, आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात. त्याबद्दल नुसतं 'हे बरं झालं का?' एवढं विचार आणि गप्प बस, पुढची वीस मिनिटं तुला बोलायला लागणार नाही.

या खेळाडूंना पगार नसतो, हे मात्र नीट लक्षात घे. रविवारी क्रोक पार्कमध्ये 82 हजारांसमोर खेळलेला मुलगा सोमवारी सकाळी शाळेत गणित शिकवायला हजर असतो. खेळायचं ते आपल्या गावाच्या क्लबसाठी आणि आपल्या काउंटीसाठी, विकत घेऊन दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून त्याला एवढा जीव लावतात. 2004 साली वेस्टमीथनं लेन्स्टरचं विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं, ते अजून काल झाल्यासारखं सांगतात. रॉसकॉमनवाले 1943 आणि 1944च्या ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या बेटाच्या, विजेतेपदांबद्दल बोलतात, म्हणजे आजोबांनी पाहिलेल्या विजयावर चाललंय. सध्या शरद ऋतूत क्लबांच्या काउंटी फायनल चालतात. तिकीट बहुधा आधी ऑनलाइन काढावं लागतं. गरम चहा भरून ने, मोजे दोन घाल. आणि लेकीचं नाव क्लबच्या छोट्यांच्या सरावात घाल. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला काकडत उभ्या राहिलेल्या आयांशी जी ओळख होते, ती फाटकापाशी वर्षभर उभं राहून होत नाही.

भूगोल आता. बेट पसरट ताटासारखं आहे: डोंगर कडेकडेनं, मध्ये सपाटी. डोंगरही आपल्या मानानं बेताचे. सगळ्यात उंच केरी काउंटीतलं कॅरनटूल, 1,038 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. क्षेत्रफळ म्हणशील तर सगळं बेट मिळून साधारण 84 हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. मधल्या सपाटीला उतारच नाही म्हणून शॅननला घाई नाही. ती पसरते, तळी करते, हिवाळ्यात काठची कुरणं पाण्याखाली घेते. बेटावरची सगळ्यात लांब नदी, सुमारे 360 किलोमीटर, तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुलावर उभं राहून तिचं पाणी महिन्या-महिन्याला कसं चढतं ते बघ. कृष्णेच्या काठच्या माणसाला ती सवय असतेच.

पाणी निचरत नाही म्हणून दलदल, आणि हजारो वर्षं कुजत-साचत गेलेल्या शेवाळाचं पीट, म्हणजे बोगची जमीन. ते कापून वाळवलं की टर्फ. चुलीत जळायला लागलं की धुराचा जो वास येतो तो परदेशी गेलेल्या आयरिश माणसाला रडवतो. क्लॅरा हे गाव अ‍ॅथलोनहून डब्लिनच्या रेल्वेनं पुढचंच स्टेशन. गावात क्लॅरा बोगचं माहिती केंद्र आहे आणि काही किलोमीटरवर खुद्द बोगमध्ये लाकडी पायवाट. पायवाटेवरून जरा जोरात पाय आपट, शेजारची जमीन हलल्यासारखी वाटते. कुणाला हे ओसाड माळरान वाटेल. मला विचारशील तर मोहेरपेक्षा इथे तासाभरात जास्त शिकायला मिळतं. अ‍ॅथलोनच्या उत्तरेला लेन्सबरोचं आणि दक्षिणेला शॅननब्रिजचं, अशी पीटवर चालणारी दोन्ही वीजकेंद्रं डिसेंबर 2020 मध्ये बंद झाली. पर्यावरणासाठी ते योग्यच होतं, पण त्या गावांचे पगार त्यावर होते. टर्फबद्दल बोलताना आपलं मत घाईनं देऊ नकोस, समोरच्याचा बाप तिथे कामाला असू शकतो.

दक्षिणेला नदीकाठी क्लॉनमॅकनॉइस आहे, सहाव्या शतकात संत किअरननं वसवलेला मठ. गोल उंच मनोरा, कोरीव दगडी क्रूस, खाली शॅननचं वळण. तिथे गाडी असलेल्या कुणाबरोबर तरी जा. रॉसकॉमनमध्ये स्ट्रोक्सटाउनला दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे मात्र मुलीला घरी ठेवून गेलात तर बरं. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. 1841 साली बेटावर ऐंशी लाखांवर वस्ती होती. आज, पावणेदोनशेहून जास्त वर्षांनंतर, ती सत्तर लाखांच्या थोडी वर आहे. रिकामी दगडी घरं, ओसाड माळावरच्या भिंती, प्रत्येक घरातला अमेरिकेतला चुलत भाऊ, हे सगळं तिथून आलेलं आहे. देश सोडण्याबद्दल इथे कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही, तुझ्याशी बोलतानाही त्यांना ते आठवत असतं.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेमार्ग बहुतेक डब्लिनकडून फुटतात. गॉलवे आणि वेस्टपोर्ट या दोन्ही मार्गांवर अ‍ॅथलोन लागतं, हा तुमचा फायदा. गॉलवे तासाभरावर. तिकीट आधी ऑनलाइन काढलं की स्वस्त पडतं, आणि सीटच्या वर तुझं नाव झळकतं. डोनेगलला रेल्वेच नाही, तिथे बस. बस थांब्यावर हात दाखवल्याशिवाय ड्रायव्हर थांबेलच असं नाही आणि उतरताना त्याला 'थँक्स' म्हणायचं, लहान पोरंही म्हणतात. 25 डिसेंबरला बस नाही, रेल्वे नाही, डब्लिन विमानतळावरून विमानंसुद्धा नाहीत. त्या दिवशी कुठे जायचं असेल तर आधी विचार कर. भारतातला गाडीचा परवाना इथे बदलून मिळत नाही: लेखी परीक्षा, लर्नर परमिट, मान्यताप्राप्त शिक्षकाकडे धडे, मग ड्रायव्हिंग टेस्ट. नवऱ्यानं आजच सुरुवात केलेली बरी, टेस्टच्या तारखेला वेळ लागतो. तोवर सायकल घ्या. जुन्या रेल्वेमार्गावरून अ‍ॅथलोन ते मलिंगर असा चाळीसेक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, चढ जवळपास नाहीच. आणि गावात शॅननवर 2023 पासून सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा नवा पूल झाला आहे.

पावसाची तक्रार तू केली नाहीस, म्हणजे अजून नोव्हेंबर बघितला नाहीस. डब्लिनमध्ये वर्षाला पडतो साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाएवढा; पण मुंबईचा चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि हा बारा महिने थेंबथेंब चालू असतो. वाऱ्यात छत्री उलटी होते, टोपीचं जाकीट घे. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि चारनंतर लगेच मावळतं. तेव्हा दुपारी घराबाहेर पडायचंच, पाऊस असला तरी. मेट एअरनचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, लाल इशारा आला तर मात्र मुकाट्यानं घरात बस. जानेवारी 2025 मधल्या एओविन वादळात पश्चिम किनाऱ्यावर ताशी 184 किलोमीटरचा वारा नोंदला गेला, कित्येक घरांना दिवसेंदिवस वीज नव्हती.

लेक शाळेत आयरिश भाषा शिकेल, प्राथमिक शाळेत ती सगळ्यांनाच असते. काही दिवसांत घरी येऊन 'ऑन विल क्याद अगुम दुल गु जी अन लेहरस' असलं काहीतरी म्हणेल. घाबरू नकोस, 'मला बाथरूमला जायची परवानगी आहे का' एवढाच अर्थ. इथल्या मोठ्या माणसांना शाळेतलं दुसरं काही आठवत नसलं तरी हे वाक्य आठवतं. फाटकापाशी ते म्हणून दाखव आणि काय होतं बघ. वर्गातल्या मुलांची नावं कागदावर वाचून उच्चारायला जाऊ नकोस. लिहिलेलं एक आणि उच्चार नीव, शिवॉन, टायग असला निघतो. सरळ विचार. तुझंही नाव पूर्ण सांग, त्यांच्या सोयीसाठी तोडू नकोस.

सासूबाईंना सांग, आयर्लंड म्हणजे इंग्लंड नाही, आणि 'इंग्लंडच ना' असं इथे मोठ्यानं विचारायचंही नाही. सातशे वर्षांवर आयरिश लोकांनी इंग्रजांचं राज्य सोसलं, 1916 साली ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये उठाव केला, 1922 साली स्वतंत्र राज्य झालं. त्याच 1916च्या एप्रिलमध्ये आपल्या लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली. 'होमरूल' ही मागणी आयरिश लोकांनी आधी गाजवलेली. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या 1937च्या घटनेवरून घेतली, हे एमपीएससीचा अभ्यास करणारं घरात कुणी असेल तर तेच सांगेल. आणि एवढ्यानं पटलं नाही तर हुकमाचं पान काढ: मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या वराडकरांचा मुलगा, लिओ, या देशाचा दोनदा पंतप्रधान झाला. इथे त्या पदाला टीशॉक म्हणतात. डिसेंबर 2019 मध्ये तो आई-वडिलांसकट वराडला येऊनही गेला. सासूबाई हे पुढे चार जणींना सांगतील, याची खात्री बाळग.

भीतीबद्दल गोड बोलणार नाही. 2025च्या उन्हाळ्यात डब्लिन आणि आसपास भारतीयांवर हल्ले झाले. 1 ऑगस्टला भारतीय दूतावासाला सूचना काढावी लागली, की निर्जन भागात, विशेषतः अवेळी, जाणं टाळा. 'इथे असलं काही होत नाही' म्हणणारे आणि 'गाशा गुंडाळा' म्हणणारे, दोघांचंही ऐकू नकोस. रात्री उशिरा डब्लिनहून परतायचं असेल तर गर्दीच्या डब्यात बस, टोळक्यानं उभी असलेली पोरं दिसली तर रस्ता बदल, त्यात कमीपणा नाही. काही झालं तर 999 किंवा 112. पोलिसांना इथे गार्डा म्हणतात. नुसती शिवीगाळ झाली तरी तक्रार नोंदव, नोंद नसली की घडलंच नाही असं होतं. आणि ज्या गावात दहा घरं तुला नावानं ओळखतात तिथे वावरणं सोपं जातं. मी मॅचला जा म्हणते त्यात हाही हिशोब आहे.

आता शेजारीण. आपल्याकडेही मयताला बोलावणं नसतं; कळलं की जायचं. इथेही अगदी तसंच आहे, किंबहुना जास्तच. कुणी गेलं की बातमी आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर येते, स्थानिक रेडिओवर वाचली जाते. तीच बोलावणं. त्यात 'रिपोझिंग' म्हणून वेळ दिलेली असते; त्या वेळात घरी किंवा फ्युनरल होममध्ये जायचं. शवपेटी बहुधा उघडी, शेजारी घरची माणसं ओळीनं बसलेली किंवा उभी. आपण रांगेत पुढे सरकायचं, प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढंच म्हणायचं. याहून जास्त कुणी काही म्हणत नाही. गेलेल्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेलंही नसलं तरी चालतं, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आईसाठी अख्खं ऑफिस गाड्या काढून दुसऱ्या काउंटीत जातं. कपडे गडद, पांढरे नकोत. 'हाउस प्रायव्हेट' लिहिलं असेल तर घरी जायचं नाही, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचं. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. प्रसादाच्या रांगेत नाही गेलं तरी कुणी बघत नाही. घरी येऊन अंघोळ करायची की नाही, ते तुझं तू ठरव.

तेव्हा तुम्ही गेला नाहीत हे तिच्या लक्षात आलं असेल का? आलं असेल. पण नवीन माणसांना पद्धत माहीत नसते हेही तिला कळत असेल. तू नजर का चुकवतेस ते मात्र तिला कळणार नाही. दुकानातून सिम्पथी कार्ड आण, आत तुम्हा दोघांची नावं लिही, आणि उद्या-परवा संध्याकाळी बेल वाजव. 'आम्हाला इथली पद्धत ठाऊक नव्हती, यायला हवं होतं' असं सरळ सांग. ती आत बोलावेल, चहा ठेवेल. 'नको नको' करशील तर ती आणखी दोनदा विचारेल, तिसऱ्यांदा तरी हो म्हण. वडील मूळचे कुठल्या काउंटीचे, हे विचार आणि ऐकत राहा. महिन्यानं त्यांच्या नावानं चर्चमध्ये मास असते, तिला 'मंथ्स माइंड' म्हणतात. दोन आठवडे झालेत म्हणतेस, म्हणजे ती अजून व्हायची आहे. कधी आहे ते तिला विचारून घे आणि त्या दिवशी तुम्ही दोघं जा. लेकीला नेलं तरी हरकत नाही, मुलं असतातच तिथे.